बर्फातून आलेला तुकडा

माझं सगळं आयुष्य लोकांच्या लघवीच्या वाटेवर गेलं. हे वाक्य मी एका सत्काराला उत्तर देताना बोललो होतो. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोने त्या दिवसापासून माझ्या सत्कारांना यायचं बंद केलं. पुढे कुणी माझा सत्कारही केला नाही, त्यामुळे तिला निराळे कष्ट पडले नाहीत.

वाक्य मात्र खरं आहे. मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट, वृषण या भागातल्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, कॅन्सर आहे का, असला तर किती खोल गेलाय ते कागदावर लिहायचं, आणि हे कसं करायचं ते मुलांना शिकवायचं, हा माझा धंदा. या विषयाची मला पहिल्यापासून ओढ होती, असं मी मुलाखतींत सांगत आलो. खरी गोष्ट अशी की मुंबईत शिकत असताना आमच्या विभागात विषय वाटले गेले त्या दुपारी मी कँटीनमध्ये होतो. परत आलो तोवर मेंदू, स्तन, आतडी, सगळ्या चांगल्या जागा गेल्या होत्या. फळ्यावर प्रोस्टेट तेवढं उरलं होतं आणि त्याच्यापुढे कुणीतरी माझं नाव लिहून ठेवलं होतं. एका बटाटेवड्यामुळे माणसाचं करिअर ठरू शकतं.

पण चिकटून राहिलो. लेख लिहिले, परिषदांना गेलो. एका परिषदेत मी पडद्यावर एका गाठीचं चित्र लावून तिच्या पेशी किती आक्रमक आहेत ते रंगवून सांगत होतो. मागच्या रांगेतून एक वयस्कर प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "ते चित्र माझ्या लेखातलं आहे. आणि ती गाठ साधी आहे." एवढं होऊनही माझ्या स्वभावात फरक पडला नाही. मी ठाम बोलणारा माणूस. विद्यार्थ्यांना सांगायचो, "रिपोर्टात 'सांगता येत नाही' असं लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट म्हणजे मांडवात उभा राहून मंगलाष्टकं विसरलेला भटजी. मग तिथे आलातच कशाला?" मुलं हसायची. काही जण वहीत लिहूनही घ्यायचे.

मुंबईतली नोकरी संपल्यावर रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवायला आलो. मूळचा मी घाटावरचा. मासा ताजा की शिळा हे मला कळत नाही, आणि कळत नाही हे कबूल करण्याचाही माझा स्वभाव नाही. त्यामुळे दर रविवारी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मी एका मावशीच्या पाटीपुढे बसायचो, कल्ले उचलायचो, डोळे बघायचो, बोटाने दाबायचो, आणि शेवटी ती देईल तो मासा घेऊन यायचो.

"ओ डाक्टर," ती म्हणायची, "माशाला ताप नाय आलेला. नाडी कसली बघताय?"

आजूबाजूच्या बायका खदखदून हसायच्या. मावशी पन्नाशी ओलांडलेली, आवाज लिलावात कमावलेला. तिचा नवरा एका ट्रॉलरवर तांडेल होता. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, वारा फिरला तर कधी परतायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर. बोलायचं काम त्याने पाण्याबाहेर बायकोवर सोपवलेलं होतं.

मे महिना संपत आला होता. आठवड्याभरात बोटी वर ओढायच्या, की पुढचा हंगाम नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. अशा वेळी तांडेलाच्या लघवीतून रक्त गेलं. एकदा नव्हे, बरेचदा. त्याने ते बायकोपासून दोन फेऱ्या लपवलं होतं. गावातल्या सर्जननी दुर्बीण घालून पाहिलं, तर मूत्राशयात गाठ. शनिवारी त्यांनी ती आतून खरवडून काढली, तुकडे टिकावेत म्हणून फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातले, आणि बाटली मावशीच्या हातात देऊन म्हणाले, "ही सोमवारी कॉलेजात सरांकडे पोचवा. या गाठींत त्यांच्याएवढं जाणकार जवळपास कुणी नाही."

कोण सर, ते मावशीने विचारून घेतलं. आणि मग म्हणे ती तिथेच बोलली, "हा? ह्याला शिळी सुरमई कळत नाय ओ!"

हे मला सर्जननी नंतर सांगितलं. जरा जास्तच खुशीत सांगितलं.

माझा नंबर तिच्याकडे होता, माशांसाठी दिलेला. शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी घरी पेटीतले डागी आंबे वेगळे काढत बसलो होतो. फोन खांद्यात धरलेला, हात आंब्यात.

"डाक्टर, बाटली माझ्याकडं हाय. सोमवारपर्यंत ऱ्हाईल ना?"

"राहील की. फक्त खराब होऊ देऊ नका."

"ती माझ्यावर सोडा," ती म्हणाली.

खरं तर मी एवढंच सांगायला हवं होतं, की बाटली उघडू नका आणि कपाटावर ठेवून द्या. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा वर्षभरही राहील. पण समोर आंबा होता, त्यामुळे तोंडून आंब्याचं वाक्य गेलं.

सोमवारी बाटली आली. तुकडे प्रयोगशाळेत आधी आमच्या ताईंच्या हाताखालून जातात. ताई म्हणजे आमच्या तंत्रज्ञ. तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे, हे त्यांचं काम. माझी सगळी विद्वत्ता त्यांच्या हातावर उभी. राहायला मांडवीला, आणि सोमवार-गुरुवार सोडून घरात रोज मासा. त्यांनी बाटलीतले तुकडे ताटलीत काढले, चिमट्याने उचलले, आणि मला हाक मारली.

"सर, हे मऊ लागतंय. बर्फातून सोडवल्यासारखं."

"ताई, मूत्राशय आहे ते. सौंदाळा मासा नव्हे."

"नाही, पण बोटाला कळतं ना. थिजलेलं मांस सुटलं की असं गळाठतं."

"सर्जननी जाळलं असेल जास्त. विजेच्या तारेने खरवडतात, त्यात होतं असं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुकड्यांकडे पाहिलं आणि पुढचं काम सुरू केलं. ताईंचं गप्प बसणं हा एक स्वतंत्र अभिप्राय असतो. तो मला वाचता येतो, पण तेव्हा मी वाचला नाही.

दोन दिवसांनी काचा माझ्यापुढे आल्या. कॅन्सर होता, त्यात शंका नव्हती. प्रश्न किती खोल, एवढाच. मूत्राशयाच्या भिंतीत आतल्या अस्तराखाली स्नायूंचे बारीक, विस्कटलेले धागे असतात, आणि त्याच्याही खाली जाड स्नायू, दोरासारखा. रोग बारीक धाग्यांपर्यंतच असेल तर मूत्राशय वाचवता येतं. परत खरवडायचं, आत औषध सोडायचं, दर तीन महिन्यांनी दुर्बिणीतून बघायचं. रोग दोरात शिरला असेल तर बहुतेक वेळा अख्खं मूत्राशय काढावं लागतं आणि पोटावर पिशवी येते. सगळा निकाल त्या दोरावर.

आणि त्या काचांवर सगळीकडे भोकं होती. पेशी आक्रसलेल्या, स्नायू पिंजल्यासारखे, मध्ये पांढऱ्या पोकळ्या. मी ती भोकं पाहिली नाहीत असं नाही. पाहिली, आणि त्यांच्यातून पलीकडे पाहिलं. अशा फुगलेल्या, फाटलेल्या स्नायूंमध्ये रोगाच्या पेशी बसल्या होत्या. स्नायू मला जाड वाटला. मी लिहिलं: खोल स्नायूत शिरकाव आहे. खाली सही केली, आणि माझ्या सहीला शेपूट मोठं.

सर्जनचा फोन आला. "नक्की ना? म्हणजे मूत्राशय काढायची तयारी करायला लागेल."

"अहो, यात केस पिकले माझे," मी म्हणालो. खरं तर केस गळले. पिकायला राहिलेच नव्हते.

त्या रविवारी बंदरावर मावशीची जागा रिकामी होती. शेजारच्या बाईकडून मी बांगडे घेतले आणि ते शिळे निघाले. बायको म्हणाली, "तुमची ती मावशी बरी होती. निदान ती तुम्हाला फसवायची नाही."

सोमवारी मावशी आणि तांडेल माझ्या खोलीत आले. पॅथॉलॉजिस्टच्या खोलीत पेशंट येत नाही. पेशंटचा तुकडा येतो, माणूस बाहेर राहतो, आणि आमची बरीचशी हिंमत त्यावर टिकून असते. मी पटकन खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

मावशीचा लिलावाचा आवाज कुठेतरी राहिला होता. "पिशवी काढणार म्हनतात. पोटावर दुसरी लावनार."

"हो. तसं करावं लागेल."

तांडेल पहिल्यांदा बोलला. "ती घेऊन बोटीवर जाता येल?"

मी म्हणालो, काही लोक पिशवी लावून सगळी कामं करतात. ते खरं होतं. पण मी हे त्याच्या पंज्यांकडे बघत म्हणत होतो. दोर ओढून ओढून तळहाताचं कातडं जोड्याच्या तळव्यासारखं झालेलं. आठ-आठ दिवस समुद्रावर, खारं पाणी अंगावर, बोट उसळतेय, आणि पोटावर पिशवी. त्यालाही ते दिसत होतं.

"तुम्ही सोता बघितलात?" त्याने विचारलं.

इथे नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझा स्वभाव! आमच्याकडे शिकवण्यासाठी दोन जणांनी एकदम बघायचा सूक्ष्मदर्शक आहे. मी काच लावली, तांडेलाला समोर बसवलं आणि सांगायला लागलो. "ही वरची बारीक सुतं. त्याखाली हा दोर. आणि हे निळे ठिपके म्हणजे रोग. बघा, दोरात शिरलाय."

तो बराच वेळ डोळा लावून बसला. जाळं तपासतात तसं.

"आणि ही भोकं?"

"ती काही नाही."

"रोगानं पाडली?"

"नाही."

"मग कोनी?"

मी काच सरकवली, तिथेही भोकं होती. शेजारच्या खोलीत ताई मेणाच्या ठोकळ्याचे काप काढत होत्या. त्या यंत्राच्या चाकाचा आवाज एका लयीत येत असतो. तो थांबला.

मावशी पदराशी चाळा करत होती. "डाक्टर, एक विचारू काय? तुकडा बर्फात ठेवला तर बिघडतो काय ओ?"

मग तिने सगळं सांगितलं. शनिवारी घरी नेऊन तिने बाटली उघडली, आतला माल कसा आहे बघायला. नाकात ते औषध गेलं आणि तिने ते ओळखलं. बंदरावर कुणी मासा टिकवायला असलं औषध मारलं अशी नुसती कुजबुज झाली, तरी त्याच्या पाटीपुढे गिऱ्हाईक फिरकत नाही. तिने एवढ्या वर्षांत एका माशाला ते लावलेलं नव्हतं. आणि इथे तिच्या नवऱ्याच्या तुकड्यावर ते कुणीतरी ओतून दिलेलं! तिने औषध वेगळ्या बाटलीत काढलं, तुकडे स्वच्छ पाण्याने धुतले, पिशवीत बांधले आणि पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या कोळंबीच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. सोमवारी कॉलेजच्या दारात रिक्षातच औषध परत बाटलीत घातलं.

"परत का घातलंत?" मी विचारलं.

"औषद डाक्टरचं. आमी कशाला ठेवू? म्हटलं, तुमी वरडाल."

तांडेल तिच्याकडे वळला. मला वाटलं, आता हा रागावणार. तो म्हणाला, "कोलंबीत ठेवलास मला?"

"मग काय सुकटीत ठेवू?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. "डाक्टर बोलले, खराब होऊ देऊ नका. मी नाय होऊ दिलं. आता माज्यामुळं ह्यांची पिशवी जातेय."

या ठिकाणी मला पळवाट होती, आणि चांगली रुंद होती. नातेवाइकांनी नमुना बिघडवला, असं लिहून मोकळं होता आलं असतं. मी मनात वाक्यही तयार केलं. पण दारात ताई येऊन उभ्या होत्या, आणि काही बोलत नव्हत्या.

"मावशी, तुमच्यामुळे नाही," मी म्हणालो. "मी नीट सांगितलं नाही. आणि तुकडा हातात आल्या आल्या या ताई म्हणाल्या होत्या, हे बर्फातून आलंय म्हणून. मी ऐकलं नाही."

मावशीने डोळे पुसले, ताईंना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला कसा कळला गो?"

"हाताला," ताई म्हणाल्या.

"बघा," मावशी मला म्हणाली. एवढंच.

ते गेल्यावर मी काचा परत लावल्या. तुकडा थिजताना त्यात बर्फाचे खडे धरतात आणि मांस आतून फाडतात. ताई सांगत होत्या तेच, पण माझ्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत. बारीक धागे फुगून जाड दिसत होते, जाड असलेच तर पिंजून बारीक झाले होते. ज्याला मी छातीठोकपणे दोर म्हणालो, ते सूतही असू शकत होतं. किंवा दोरही. काच काही बोलत नव्हती. मीच तिच्या वतीने बोललो होतो.

सर्जनला फोन केला. "तो रिपोर्ट मागे घेतोय. नवा पाठवतो."

"काय आहे नव्यात?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे मला सांगायचं नाही?"

"नाही हो. रिपोर्टात तसं लिहिलंय. खोल स्नायूबद्दल या नमुन्यावरून सांगता येत नाही. पुन्हा खरवडून नमुना पाठवावा."

मग ते म्हणाले, "हा कागद मी फ्रेम करून लावू का?" मी म्हणालो, लावा. विद्यार्थ्यांनाही मी तो वर्गात वाचून दाखवला. मागून कुणीतरी हळूच 'शुभमंगल सावधान' म्हणालं. कोण ते मला कळलं, पण बोलायला जागा नव्हती.

दुसरी खरवडणी जूनच्या शेवटी ठरली. मधले ते आठवडे मला बरे गेले नाहीत, हे कबूल करतो. बर्फाने रोग नाहीसा होत नाही. कदाचित तो दोरात होताच, आणि मी त्या माणसाला फुकटची आशा लावून त्याचा महिना घालवला, असंही असू शकत होतं. आधी चुकलो होतो की आता चुकत होतो, हे मला माहीत नव्हतं. बायको म्हणाली, तुम्ही हल्ली जेवताना बोलत नाही, घर कसं शांत वाटतं.

खरवडणीच्या दिवशी बाटली आणायला मी स्वतः गेलो. थिएटरच्या दारात मावशी आधीच उभी. नर्सने बाटली माझ्या हातात दिली तशी ती म्हणाली, "स्कूटरच्या डिकीत घालू नका. मी मागं बसते धरून." आणि बसली. साळवी स्टॉपच्या चढावर, पावसात, मी पुढे रेनकोटमध्ये आणि मागे मावशी, पोटाशी बाटली, वर छत्री उघडलेली. सिग्नलला माझे दोन विद्यार्थी बाजूला येऊन उभे राहिले. मी ओळख दाखवली नाही. त्यांनी दाखवली.

"झाकन घट हाय," ती वाटेत तीनदा म्हणाली. "उघडलं नाय हां मी."

काचा तयार झाल्या तेव्हा ताई त्या घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून निघाल्या. मी म्हणालो, "ताई, बसा. आधी तुम्ही बघा."

"मला काय कळतंय सर त्यातलं?"

"भोकं आहेत का, ते बघा."

त्यांनी पाहिलं. "नाहीत. ताजं आहे."

मग मी बसलो. सगळ्या तुकड्यांतून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोनदा. दोर होता. जाड, सलग, गुलाबी, भरपूर. आणि त्यात एकही रोगाची पेशी नव्हती. वरच्या सुतांमध्ये एका ठिकाणी थोडा रोग उरला होता, तेवढाच. मी आणखी काप मागवले, ताईंनी काही न विचारता काढून दिले. त्यांतही तेच. सही केली. शेपूट जरा आवरलं.

मूत्राशय राहिलं. म्हणजे तूर्त राहिलं. आत औषध सोडायचे आठवडे सुरू झाले, त्यात त्याला ताप आला, आग झाली, तो बायकोवर खेकसला आणि तिने सव्याज परत केलं. रोग परत येऊ शकतो, दर तीन महिन्यांनी बघावं लागणार, हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं. आता आमच्याकडून सर्जनकडे जाणाऱ्या प्रत्येक रिकाम्या बाटलीवर ताईंनी काढलेलं चित्र चिकटवलेलं असतं. एक मासा, एक बर्फाची लादी, दोन्हींवर फुली. बाहेरून आलेले एक तपासनीस त्यावर बराच वेळ विचार करत उभे होते.

नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी दोघं परत आले. औषधाचे हप्ते संपले होते. बंदरात बोटींना रंग लागला होता, त्याच्या नखांतही निळा रंग होता. म्हणजे कुणाला न विचारता कामाला सुरुवात झालेलीच होती. तो उभ्यानेच म्हणाला, "डाक्टर, बोटीवर जाऊ?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. खणखणीत, अनुभवी, केस गळालेलं 'हो'. मी ते गिळलं.

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणालो. "मी तुकडा बघतो, माणूस नाही. सर्जनना विचारा, ते तुम्हाला तपासून सांगतील."

तांडेलाने मान डोलावली. मावशीने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर, नेमकं माझ्या काचांच्या शेजारी ठेवलं, आणि त्याला म्हणाली,

"चला. ह्ये शिकले, आता त्यांना विचारू."

ते सर्जनकडे गेले. दुपारी सर्जनचा फोन आला, की जाऊ दे म्हणालोय, पहिली फेरी छोटी. मी ताईंना सांगितलं. त्या चाक फिरवत होत्या, तशाच फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तो पुडा आधी फ्रीजमध्ये ठेवा. वास यायला लागलाय."